दांडगा कुत्रा, दुबळा धनी

दाराशी बुलमास्टिफ बांधला की घराची पत वाढते, असे मानणाऱ्या गृहस्थांशी माझे भांडण आहे. हे गृहस्थ २ महिन्यांचे पिल्लू आणतात, गच्चीवर साखळीने डांबतात आणि वर्षभराने तक्रार करतात की, जनावर अंगावर येते. येईल नाही तर काय! तिसऱ्यापासून सुमारे चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जग ओळखून घेते : मुले, छत्र्या, रिक्षांचे आवाज, दूधवाला. त्याच दिवसांत तुम्ही त्याला भिंत दाखवलीत. लसी पूर्ण व्हायच्या होत्या म्हणता? मग कडेवर घेऊन हिंडवायचे होते.

वर पुन्हा दंडुक्याची भाषा! 'एकदा चोपला की जन्मभर आठवण राहते,' असे एकाने मला अभिमानाने सांगितले. राहते हो, पण कसली? धनी जवळ आला की भ्यावे, एवढीच. पट्टा न ओढता चालणे, 'बस' म्हणताच बसणे, तोंडातली वस्तू मुकाट सोडणे, हे ८ किलोंच्या पिल्लाला चण्याएवढ्या पनीरच्या तुकड्यावर शिकवता येते. तोच ५५ किलोंचा होऊन ओढू लागला, म्हणजे फरफटतो तो धनीच.

मार्च २०२४ मध्ये केंद्राने २३ जातींची आयात, पैदास व विक्री थांबवण्यास राज्यांना कळवले. त्यांत मास्टिफही होते. कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिलमध्ये ते परिपत्रक रद्द केले. आमचे गृहस्थ हर्षले. 'दोष जातीचा नव्हेच!' कबूल. मग उद्या पहाटे, रस्ता रिकामा असताना, त्याला मुसके घालून, पट्टा धरून खाली आणा.