ऑपरेशन रोबो करत नाही

नवी मुंबईतही आता रोबोच्या मदतीने शस्त्रक्रिया होतात. बेलापूरच्या अपोलो रुग्णालयात ती सोय आहे. त्यामुळे आईबापांपुढे एक नवाच प्रश्न उभा राहिला आहे. मूल चार वर्षांचे, मूत्रपिंडातून लघवी खाली उतरण्याच्या वाटेत अडथळा, आणि डॉक्टर विचारतात, ‘नेहमीची शस्त्रक्रिया करायची, की रोबोटिक?’ जे महाग तेच मुलासाठी चांगले, असे आईला वाटणारच. बाप दागिने, पी.एफ. आणि कर्ज यांचा हिशेब मांडू लागतो.

मी बँकेत वर्षानुवर्षे कर्जाचे अर्ज तपासले. मुलाच्या आजारपणासाठी आलेला बाप व्याजाचा दर क्वचितच विचारी. म्हणून मला ‘रोबो’ या शब्दाच्या मोहिनीची धास्ती वाटते.

रोबो आपण होऊन काहीच करत नाही. सर्जन थोड्या अंतरावर बसून आतले मोठे केलेले, खोली दाखवणारे चित्र पाहतो. त्याची बोटे हलतील तसे यंत्राचे हात हलतात. हाताची थरथर गाळली जाते, मनगटासारखी वळणारी उपकरणे अरुंद जागेत नाजूक टाके घालतात. अडथळ्याचा भाग काढून वाट पुन्हा जोडण्याच्या ‘पायलोप्लास्टी’त याचा खरोखर फायदा होतो. व्रण लहान राहतात, मूल लवकर हिंडूफिरू लागते.

पण २००० साली अमेरिकेत मान्यता मिळालेले ‘दा विंची’ यंत्र मुळात मोठ्या माणसांच्या देहाला बेतलेले. तान्ह्या बाळाच्या पोटात त्याला जागा अपुरी पडते. आणि जुन्या पद्धतीची पायलोप्लास्टीही दहापैकी नऊहून अधिक मुलांत यशस्वी होते.

विम्याचेही पाहावे. २०१९ साली विमा नियामकाने रोबोटिक शस्त्रक्रिया पॉलिसीतून वगळायला मनाई केली. पण तिच्यासाठी रकमेची मर्यादा घालायला कंपन्यांना मुभा आहे. ती ओळ आधी वाचा.

मग डॉक्टरांना संकोच न करता विचारा: सर्जन लहान मुलांचे आहेत का? या यंत्रावर त्यांनी किती मुलांची ही शस्त्रक्रिया केली? भूल देणाऱ्यांना मुलांची सवय आहे का? मध्येच पोट उघडावे लागले तर?

उत्तरे पटली आणि खर्च झेपत असेल, तर रोबो जरूर निवडा. नाहीतर कुर्ल्याला गाडी बदलून परळ गाठा. तिथले वाडिया रुग्णालय १९२९ पासून मुलांसाठीच आहे. जुन्या पद्धतीने ऑपरेशन केले म्हणून आईबापांची माया उणी ठरत नाही.