जहाजाच्या पोटातील बॅटऱ्या

सुदुंबऱ्याहून आमच्या एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्यांचे चिरंजीव एका मालवाहू जहाजावर विद्युत् विभागात उमेदवारी करीत असून, आठवड्यातील एक सबंध सकाळ आपण बॅटऱ्यांच्या खोलीत घालवितो, असे त्यांनी घरी कळविले. त्याच सुमारास पाणबुडीतील आगीची एक जुनी हकीकत कोणीतरी या मातोश्रींच्या कानी घातली. तेव्हा त्या विचारतात की, आमच्या जिन्याखाली इन्व्हर्टरची बॅटरी चार वर्षे निमूटपणे पडून आहे; तिच्याच जातीच्या या वस्तूत भिण्यासारखे ते काय, आणि तिची एवढी उस्तवार तरी कशाला? प्रश्न दोन आहेत, पण आमच्या मते त्यांचे उत्तर एकच आहे. निमूटपणे पडून आहे असे आपण जिला समजतो, ती बॅटरी वस्तुतः कधीच स्वस्थ नसते.

सुदुंबरे हे काही बंदर नव्हे. तुकोबारायांचे लेखनिक संताजी जगनाडे यांच्या समाधीमुळे ते गाव महाराष्ट्रास ठाऊक आहे, आणि तेथून समुद्र गाठावयाचा तर सबंध घाट उतरावा लागतो. तथापि त्या भगिनींनी आपल्याच तालुक्यात दृष्टी फिरविली, तर जहाजांच्या विद्येचे एक मोठे पीठ त्यांस लोणावळ्यास दिसेल. आरमारातील यंत्रविद्येचे शिक्षण देणारी ‘शिवाजी’ ही संस्था तेथे १५ फेब्रुवारी १९४५ रोजी सुरू झाली. जहाजावर आग लागली किंवा पाणी शिरले असता काय करावे, हे शिकविणारी आरमाराची शाळाही तेथेच आहे. चिरंजीव व्यापारी जहाजावर आहेत, आरमारात नव्हेत, हे आम्ही विसरलो नाही. पण अग्नी तो भेद करीत नाही. खुद्द सुदुंबऱ्यातही राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या पाचव्या बटालियनचे ठाणे आहे. पुराच्या दिवसांत होड्या घेऊन निघणाऱ्या या मंडळींचे दिवे आणि बिनतारी यंत्रे बॅटरीवरच चालतात, आणि पूर काही आठ दिवस आधी चिठ्ठी पाठवून येत नाही.

जहाजावरील बॅटरीचेही तसेच आहे. जहाजाची नित्याची वीज मोठ्या जनित्रांपासून मिळते. बॅटरीचे खरे काम ती जनित्रे बंद पडली म्हणजे सुरू होते. १९१२ साली ‘टायटॅनिक’ बुडाल्यानंतर १९१४ मध्ये समुद्रावरील जीवितरक्षणाचा जो आंतरराष्ट्रीय करार प्रथम झाला, त्याच्या आजच्या स्वरूपात या गोष्टीचे स्पष्ट नियम आहेत. प्रवासी जहाजावर संकटकाळचे जनित्र सुरू होईतो निदान अर्धा तास आवश्यक दिवे व धोक्याच्या घंटा चालतील एवढी वीज साठवून ठेवावीच लागते. बिनतारी संदेशयंत्रासाठी राखीव वीज, संकटकाळचे जनित्र असेल तर एक तास, नसेल तर सहा तास पुरली पाहिजे. आणि तेवढी शक्ती बॅटरीत खरोखर उरली आहे काय, याची परीक्षा बारा महिन्यांच्या आत एकदा तरी घेतली पाहिजे. म्हणजे वर्षातील तीनशे चौसष्ट दिवस काही न करणाऱ्या आणि तीनशे पासष्टाव्या दिवशी सर्वांचे प्राण ज्याच्या स्वाधीन व्हावयाचे, अशा या नोकराची सेवा चिरंजीव दर आठवड्यास करीत आहेत.

आता ही सेवा कसली, ते पाहू. शिशाच्या बॅटरीत दोन जातींचे पत्रे पाणी मिसळलेल्या गंधकाम्लात बुडालेले असतात. वीज काढून घेतली की आम्लातील गंधकाचा अंश पत्र्यांवर क्षाररूपाने बसतो आणि द्रावण पातळ होते; वीज भरली की तो पुन्हा द्रावणात परततो. पण कोणी वीज काढली नाही तरी ही क्रिया हळूहळू चालूच राहते. महिनोन्महिने न भरता ठेवलेल्या बॅटरीच्या पत्र्यांवर हा क्षार घट्ट धरतो आणि मग कितीही वीज भरली तरी पूर्ण सुटत नाही. उष्णतेत सर्वच व्यवहार जलद होतो. सुमारे दहा अंश उष्णता कायमची वाढली तर बॅटरीचे आयुष्य जवळजवळ निम्म्यावर येते, असा कारागिरांचा ठोकताळा आहे. जहाजातील यंत्रघराची ऊब बॅटरीस म्हणूनच मानवत नाही.

द्रावण किती दाट आहे हे काचेच्या नळीतील तरंगत्या मापाने, म्हणजे हायड्रोमीटरने, कळते. पाण्याची घनता १ धरली तर भरलेल्या सेलमधील द्रावण साधारण १.२५ च्या आसपास भरते, आणि १.१५ च्या जवळ आले की तो सेल रिता झाला असे समजावे. बनावटीप्रमाणे या आकड्यांत थोडे अंतर पडते. खरी मेख अशी की, एका बॅटरीतील सर्व सेल सारखेच आहेत काय, हे पाहावयाचे असते. एखादा सेल मागे पडू लागला तर तो सबंध ओळीस मागे ओढतो. याकरिता प्रत्येक सेलचा आकडा वहीत टिपून ठेवतात. एका दिवसाचा आकडा फारसे सांगत नाही, सहा महिन्यांची वही पुष्कळ सांगते. आमच्या मते जहाजावरील कोणत्याही उपकरणापेक्षा ही वही अधिक मोलाची आहे, आणि कंटाळा येऊन ती घरबसल्या भरण्याचा मोह सर्वांत वाईट.

वीज भरताना द्रावणातील थोडे पाणी उडून जाते. त्याच्या जागी शुद्ध ऊर्ध्वपातित पाणीच घालावयाचे, आम्ल नव्हे. पत्रे उघडे पडले असतील तर ते बुडतील इतके पाणी आधी घालावे, आणि उरलेले भरणी वीज भरून झाल्यावर करावी. कारण भरताना द्रावण फुगते व काठोकाठ भरलेले असेल तर बाहेर ओसंडते.

हे पाणी उडून जाते म्हणजे नक्की कोठे जाते? येथेच भीतीचे मूळ आहे. बॅटरी भरत आली की विजेचा जादा अंश पाण्याचे दोन वायूंत विघटन करू लागतो. एक प्राणवायू आणि दुसरा हायड्रोजन, ज्यास आपल्याकडील जुने शास्त्रीय लेखक उज्जवायू म्हणत. या दुसऱ्या वायूस वास नाही, रंग नाही, आणि हवेत त्याचे प्रमाण शंभरात चार झाले की एक ठिणगीदेखील स्फोटास पुरते. ही स्फोटक अवस्था शंभरात पंचाहत्तरपर्यंत कायम राहते. इतका मोठा पल्ला फार थोड्या वायूंस आहे. तो हवेहून पुष्कळ हलका असल्यामुळे छताशी जाऊन साचतो. म्हणून बॅटरीच्या खोलीत हवा खालून आत यावी व छताजवळून बाहेर जावी, पंखा ठिणगी न पाडणाऱ्या जातीचा असावा, आणि भरणी सुरू करण्यापूर्वी तो चालू करून भरणी संपल्यावरही काही काळ चालू ठेवावा, असा दंडक आहे. आत विडी-काडी तर नाहीच. पण भरणी चालू असता टर्मिनलवरील चिमटा ओढून काढणे हेही तितकेच धोक्याचे, कारण ठिणगी नेमकी वायूच्या उगमापाशीच पडते. आधी वीज बंद, मग चिमटा.

हा धोका पुस्तकी नव्हे. १५ जानेवारी १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या आरमारी गोदीत अमेरिकेच्या ‘ई-२’ या पाणबुडीत साचलेल्या हायड्रोजनचा स्फोट होऊन काही माणसे दगावली. त्या बॅटऱ्या शिशाच्याही नव्हत्या. एडिसनने बनविलेल्या निकेल व लोखंडाच्या होत्या. वस्तू बदलली म्हणून वायू बदलत नाही. आपल्या आरमाराच्या ‘सिंधुरक्षक’ या पाणबुडीत फेब्रुवारी २०१० मध्ये विशाखापट्टणम येथे आग लागून एक खलाशी मृत्यू पावला. बॅटरीच्या सदोष झडपेतून हायड्रोजन निसटल्याचे तेव्हा सांगण्यात आले. (१४ ऑगस्ट २०१३ रोजी मुंबईच्या गोदीत याच पाणबुडीवर झालेल्या स्फोटांत अठरा जण गेले, ती दुर्घटना वेगळी, तेथे पाणबुडीवरील दारूगोळ्याचा स्फोट झाला.)

पाणबुडीची उदाहरणे आम्ही मुद्दाम घेतो, कारण तेथे बॅटरी हाच जहाजाचा प्राण असतो. मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली आणि १४ डिसेंबर २०१७ रोजी आरमारात दाखल झालेली ‘कलवरी’ पाहा. तिच्या पोटात ३६० सेल आहेत आणि प्रत्येकाचे वजन ७५० किलो. म्हणजे नुसत्या बॅटऱ्यांचे ओझे २७० टन झाले! पाण्याखाली हवा बाहेर टाकता येत नाही, म्हणून पाणबुडीत हायड्रोजनवर अहोरात्र पहारा ठेवावा लागतो. शिवाय तेथे दुसरा एक शत्रू असतो, तो म्हणजे खारे पाणी. समुद्राचे पाणी बॅटरीत शिरले तर मिठातील क्लोरीन हा विषारी वायू मोकळा होतो आणि बंद जागेत श्वास घेणे अशक्य करितो. साध्या मालवाहू जहाजावरही बॅटरीची खोली उंचावर व कोरडी ठेवण्यामागे हे एक कारण आहे.

पत्रात ज्या हकीकतीचा उल्लेख आहे, ती बहुधा ‘सिंधुरत्न’ची असावी. २६ फेब्रुवारी २०१४ रोजी पहाटे, मुंबईनजीकच्या समुद्रात दुरुस्तीनंतरच्या चाचण्या चालू असता, या पाणबुडीच्या तिसऱ्या कक्षात धूर झाला. लेफ्टनंट कमांडर कपीश मुवाल व लेफ्टनंट मनोरंजन कुमार हे दोन अधिकारी त्यात मृत्यू पावले, सात खलाशांस हेलिकॉप्टरने रुग्णालयात न्यावे लागले, आणि आरमारप्रमुख ॲडमिरल डी. के. जोशी यांनी नैतिक जबाबदारी स्वीकारून त्याच दिवशी राजीनामा दिला. पुढे चौकशीतून बाहेर आलेली माहिती अशी होती की, आग बॅटरीच्या कक्षातील केबलींपासून उद्भवली. विजेच्या जोडणीत कोठे सैल बोल्ट, कोठे कुरतडलेले आवरण राहिले, तर तेवढ्या जागी तार तापते. आणि बॅटरीस घरच्या दिव्याप्रमाणे बटण दाबून निर्जीव करता येत नाही. मुख्य स्विच बंद केला तरी तिच्या टर्मिनलांवर दाब कायमच असतो. म्हणून जोडण्या घट्ट आहेत काय हे पाहणे, टर्मिनलांवरील हिरवट-पांढरी बुरशी पुसून त्यांस पेट्रोलियम जेली लावणे, सेलची झाकणे कोरडी ठेवणे, ही कामे क्षुल्लक वाटली तरी टाळण्याजोगी नाहीत.

माणसाने स्वतः कसे वागावे, याचे नियम थोडेच आहेत. डोळ्यांस चष्मा, हातांस रबरी मोजे, अंगावर आम्ल न शोषणारा एप्रन. अंगठी व घड्याळ खोलीबाहेर. धातूची अंगठी दोन टर्मिनलांच्या मध्ये आली तर क्षणात लाल होऊन बोट जाळते. पाना-पकडीच्या दांड्यांस रबरी आवरण हवे, आणि बॅटरीवर हत्यार ठेवण्याची सवय असलेल्या माणसास त्या खोलीत कामच देऊ नये. द्रावण तयार करण्याचा प्रसंग आला तर आम्ल पाण्यात थेंबाथेंबाने घालावे, पाणी आम्लात कदापि घालू नये; ते उकळून तोंडावर उडते. फरशीवर सांडलेल्या आम्लावर खाण्याचा सोडा टाकावा. पण डोळ्यांत गेले तर सोडा नव्हे, स्वच्छ पाण्याची धार निदान पंधरा मिनिटे धरावी आणि मग वैद्यकीय मदत घ्यावी. काही जहाजांवर निकेल-कॅडमियमच्या बॅटऱ्याही असतात. त्यांच्यातील द्रावण आम्ल नसून तीव्र अल्क असते. या दोन जाती एका खोलीत ठेवीत नाहीत आणि एकीचा हायड्रोमीटर दुसरीत बुडवीत नाहीत. आम्लाच्या चार थेंबांनी ती बॅटरी नासते.

लिथियमच्या बॅटऱ्यांनी या शास्त्रात नवे प्रकरण जोडले आहे. त्यांना पाणी घालावे लागत नाही, आणि त्यामुळे त्यांना काहीच लागत नाही असा समज होतो. त्यांतील एखादा सेल बिघडून तापू लागला की तो शेजाऱ्यास तापवितो आणि ज्वालाग्राही वायू बाहेर टाकतो. ऑक्टोबर २०१९ मध्ये नॉर्वेच्या ‘युटेरॉयनिंगेन’ या नौकेच्या बॅटरी-खोलीत आग लागली. उतारू सुखरूप उतरले, आग आटोक्यात आलीसे वाटले, आणि दुसऱ्या दिवशी साचलेल्या वायूचा स्फोट झाला. तेव्हा लिथियमची आग विझली असे दिसल्यावरही ती जागा थंड ठेवीत राहावे आणि लगेच दार उघडून आत जाऊ नये. चिरंजीवांच्या बाबतीत आम्हांस मोठ्या खोलीपेक्षा त्यांच्या केबिनचीच काळजी अधिक वाटते. तेथे उशीखाली भ्रमणध्वनी, पलंगाखाली स्वस्तातील पॉवर बँक, आणि पाळीवर जाताना दोन्ही भरणीस लावून दार बंद, हा प्रकार तरुणांत सर्रास आढळतो. फुगलेली, पडून चेपलेली किंवा समुद्राच्या पाण्यात भिजलेली वस्तू भरणीस लावूच नये. जहाजावरील अधिकाऱ्याच्या स्वाधीन करावी.

राहिली जिन्याखालची बॅटरी. तिच्यावर बंद कपाट किंवा रद्दीचे गठ्ठे नसावेत, आणि तिच्या वरच्या कोनाड्यात देवघर असेल तर निरांजनाची जागा बदलावी. चार वर्षांत पाण्याची पातळी कोणी पाहिली नसेल, तर प्रत्येक सेलवरील तरंगती खूण आजच पाहावी. पाणी भरावयाचे तर काचेच्या किंवा प्लास्टिकच्या भांड्यातून, इन्व्हर्टर बंद करून, आणि हातातील बांगड्या काढून.