उदककुंभ आणि पूर्तधर्म

आज वैशाख शुद्ध तृतीया, साडेतीन मुहूर्तांपैकी एक. आज घरोघरी मातीचा नवा घट पाण्याने भरला जाईल, त्यात वाळा पडेल, पितरांचे स्मरण होईल आणि तो उदककुंभ सत्पात्री दिला जाईल. ऐन वैशाखवणव्यात पूर्वजांनी पाण्याच्या दानाला एवढे मोठे स्थान दिले, यातच त्यांची करुणा आणि व्यवहारदृष्टी दोन्ही दिसतात. या तिथीला दिलेल्या दानाचा क्षय होत नाही, अशी आपली श्रद्धा आहे.

काही वर्षांपूर्वी याच तिथीला संगमनेर तालुक्याच्या पठारभागातील एका गावी आमचे कीर्तन होते. पूर्वरंगात आम्ही उदककुंभदानाचे माहात्म्य विस्ताराने मांडले. आरती झाल्यावर एक वृद्ध माउली पुढे आली आणि म्हणाली, "बुवा, घट दिला खरा. पण त्यातलं पाणी टँकरचं. मग पुण्य माझं का टँकरवाल्याचं?" मंडपात हशा पिकला. आम्हीही हसलो. परतीच्या वाटेवर मात्र ते हसू टिकले नाही. घट आपला, संकल्प आपला, मंत्रही आपले. आणि पाणी तेवढे दुसऱ्याने आणून ओतलेले! ज्या भूमीतून घट भरावयाचा ती भूमीच कोरडी पडली, तर अक्षय्य काय उरले?

आपल्या जिल्ह्याला हा प्रश्न नवा नाही. पश्चिमेला अकोल्याच्या डोंगरात, घाटघर-रतनवाडीकडे, पाऊस कोसळतो; आणि पूर्वेला व दक्षिणेला पारनेर, पाथर्डी, जामखेड पर्जन्यछायेत तहानलेले राहतात. १९७२ च्या दुष्काळात आम्ही बारा-तेरा वर्षांचे होतो. खडी फोडणारी माणसे, सुकडीसाठी लागलेल्या रांगा आणि दावणीवरून सोडून दिलेली जनावरे आम्ही पाहिली आहेत. आता तर पावसाने आपला स्वभावच बदलला आहे. महिनामहिना ओढ देणारा मेघ एका रात्रीत सारे ओतून मोकळा होतो. मृगाने करावयाची फसवणूक उत्तरा-हस्त व्याजासह फेडतात. २०२५ च्या सप्टेंबरात पाथर्डी-शेवगावकडे शेते पाण्याखाली गेलेली याच जिल्ह्याने पाहिली. उघड्या माळावर पडलेले पाणी थांबत नाही. जाताना मातीही घेऊन जाते.

यावरचे उत्तर आपल्या धर्मशास्त्राने फार पूर्वीच दिले आहे. शास्त्रकार धर्मकृत्यांचे दोन भाग करतात : इष्ट आणि पूर्त. यज्ञयागादी कर्म हे इष्ट. विहिरी, तळी, बारवा, धर्मशाळा, अन्नदान, वृक्षारोपण हे पूर्त. इष्टाचा अधिकार मर्यादित होता. पूर्ताचा अधिकार सर्वांना होता. ज्या अहिल्यादेवींचे नाव २०२४ पासून आपल्या जिल्ह्याला लाभले, त्यांचा जन्म १७२५ मध्ये जामखेड तालुक्यातील चौंडीचा. त्यांनी भारतभर घाट, विहिरी आणि धर्मशाळा बांधल्या. हा पूर्तधर्मच होय.

आता सूज्ञ वाचकांना जे सांगावयाचे, ते ऐकून कदाचित काहींच्या कपाळावर आठी पडेल. गेल्या अर्धशतकात आपल्या जिल्ह्यात पूर्तधर्माचे एक फार मोठे काम उभे राहिले, त्याचा आरंभ एका ख्रिस्ती धर्मगुरूने केला. फादर हर्मन बाखर हे स्वित्झर्लंडचे, येशूसंघाचे. १९२४ साली जन्मलेला हा तरुण १९४८ मध्ये भारतात आला आणि पुढे नगर जिल्हा हेच त्याचे कार्यक्षेत्र झाले. नगरच्या सोशल सेंटरमधून त्यांनी शेतकऱ्यांसाठी काम केले. दुष्काळात धान्य वाटून दुष्काळ हटत नाही, पाण्याचे मूळ धरले पाहिजे, ही त्यांच्या कामाची दिशा होती. त्यातून १९८९ च्या सुमारास इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम आकारास आला. जर्मन शासनाने पैसा दिला, नाबार्डने व्यवस्था सांभाळली. १९९३ मध्ये फादर बाखर आणि क्रिस्पिनो लोबो यांनी वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट ही संस्था स्थापन केली. तिला २०१७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या वाळवंटीकरणविरोधी व्यासपीठाचा 'लँड फॉर लाइफ' पुरस्कार मिळाला. फादर बाखर २०२१ मध्ये निवर्तले.

काम काय होते? डोंगराच्या माथ्यापासून पायथ्यापर्यंत क्रमाने यायचे. वर समतल चर खणायचे, गवत आणि झाडे लावायची. मधल्या उतारावर शेतांना बांध घालायचे. खाली ओघळींत दगडी बांध आणि नाल्यांत बंधारे घालायचे. पावसाचा थेंब पडेल तेथेच त्याला अडवून भूमीच्या पोटात पोहोचवायचे, एवढेच त्यातले रहस्य. परंतु पैसा येण्यापूर्वी गावाने आपली पात्रता सिद्ध करावयाची होती. ग्रामसभेने आपली पाणलोट समिती निवडायची, श्रमदान करायचे, झाडावर कुऱ्हाड चालवायची नाही, माळावर मोकळी चराई होऊ द्यायची नाही. शेळ्यामेंढ्यांवर ज्यांचे पोट, त्यांना चराईबंदी जड गेली. त्यांची समजूत घालणे हेच अनेक ठिकाणी बांधांपेक्षा अवघड काम ठरले.

संगमनेर तालुक्यातील दरेवाडी हे या कामाचे नावाजलेले उदाहरण. १९९६ मध्ये काम सुरू होण्यापूर्वी उन्हाळ्यात तेथे टँकरची वाट पाहिली जाई आणि शेतीत वर्षाकाठी तीन-चार महिने काम मिळे. पाणलोटाचे काम झाल्यावर हाताला नऊ-दहा महिने काम मिळू लागले. पोटासाठी गाव सोडणाऱ्या माणसाला आपल्या ग्रामदैवताच्या जत्रेला घरी राहता येणे, याहून मोठा प्रसाद कोणता?

येथे काही भाविक विचारतील, "हे सारे ठीक, पण यामागे हेतू धर्मांतराचा नसेल कशावरून?" असा प्रश्न विचारण्यात गैर काही नाही, सेवेच्या आडून श्रद्धेचा सौदा कोणीही करू नये, असे आमचेही स्पष्ट मत आहे. परंतु प्रश्न विचारला की उत्तरही डोळसपणे पाहिले पाहिजे. या कार्यक्रमाच्या अटी कुऱ्हाडीच्या, चराईच्या आणि श्रमाच्या होत्या. उपासनेची अट त्यांत नव्हती. शिवाय ख्रिस्ती समाज नगरला परका नाही. अमेरिकन मिशन येथे १८३१ मध्ये आले. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी याच नगरमध्ये दीर्घकाळ राहून ख्रिस्ती भक्तीसाठी आपले कीर्तन जवळ केले. त्यांनी आमचा टाळ घेतला, तर आम्ही त्यांचा बांध का घेऊ नये?

आणखी एक गोष्ट प्रांजळपणे नोंदवली पाहिजे. मनुष्याला सृष्टीवर सत्ता दिली आहे, असे बायबलमध्ये म्हटले आहे आणि त्या सत्तेच्या अर्थावरून ख्रिस्ती जगाला कठोर टीका ऐकावी लागली. ती टीका पचवून त्यांनी आपल्याच ग्रंथाकडे नव्याने पाहिले. १९८९ मध्ये कॉन्स्टँटिनोपलचे धर्माध्यक्ष दिमित्रिओस यांनी १ सप्टेंबर हा सृष्टीसाठी प्रार्थनेचा दिवस ठरवला. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी 'लाउदातो सी' या पत्रातून सांगितले की, मनुष्य सृष्टीचा मालक नसून राखणदार आहे, आणि पृथ्वीचा आक्रोश व गरिबाचा आक्रोश वेगळे ऐकता येत नाहीत. हवामान बिघडवण्यात ज्यांचा वाटा सर्वांत कमी, त्यांनाच त्याचा फटका सर्वांत आधी बसतो. डोक्यावर हंडा घेऊन तीन मैल चालणाऱ्या आपल्या लेकीसुनांना हा न्याय-अन्यायाचा विचार कोणी शिकवावा लागत नाही.

आपल्या ग्रंथाकडे असे नव्याने पाहण्याचे धैर्य आपल्यापाशी आहे काय? आपण नदीला माता म्हणतो आणि तिच्याच पात्रात निर्माल्याच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या सोडतो. देवळाजवळची बारव गाळाने भरते आणि आपण शेजारी कूपनलिका खोदतो. पाणलोटाने जे पाणी मुरवले, ते खोल कूपनलिका आणि उसाची हाव दोन उन्हाळ्यांत उपसून टाकू शकते. चर बुजतात, बांध फुटतात. एकदा केलेले पूर्त जपले नाही तर तेही क्षय पावते. या दोषात आम्ही कीर्तनकारही आलो. जलदानाचे पुण्य आम्ही वर्षानुवर्षे सांगितले, पण श्रोत्यांना कुदळ घेऊन टेकडीवर या, असे फार क्वचित म्हटले.

असे होऊ शकते, याचा पुरावाही आपल्याच जिल्ह्यात आहे. पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीत अण्णा हजारे यांनी कामाचा आरंभ यादवबाबांच्या मंदिराच्या जीर्णोद्धारापासून केला आणि तेथून ते गाव पाणलोटाकडे वळले. हिवरे बाजारने पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवण्याची शिस्त लावून घेतली. जे चर्चच्या आवारातून निघाले आणि जे मंदिराच्या ओट्यावरून निघाले, ते दोन्ही प्रवाह एकाच भूजलाला मिळाले.

म्हणून आजच्या तिथीला आमची वाचकांस हात जोडून विनंती आहे. घट अवश्य द्यावा, पितरांचे स्मरण अवश्य करावे. परंतु त्या संकल्पाला एक जोड द्यावी. रोहिणी लागण्यापूर्वी घरटी एका माणसाने एक दिवस गावच्या कामाला द्यावा : जुन्या बारवेचा गाळ काढावा, बुजलेले चर मोकळे करावे, फुटलेला बांध सांधावा. ज्या गावी हरिनाम सप्ताह आहे, तेथे सातांपैकी एक सकाळ श्रमदानाची असावी. त्या दिवशी आम्ही बिदागी घेणार नाही, कुदळ घेऊ. शेजारच्या वाडीत ख्रिस्ती बांधव असतील तर त्यांनाही बोलवावे. या कामाचा वस्तुपाठ त्यांच्याकडे आहे.

त्या माउलीच्या प्रश्नाला त्या रात्री आम्ही उत्तर देऊ शकलो नव्हतो. आज देतो. माउली, टँकरच्या पाण्याचे पुण्य कोणाचे, हे भगवंत जाणे. पण तुमच्या गावच्या टेकडीत ज्या दिवशी तुमच्या हातांनी पाणी मुरेल आणि विहिरीत उतरेल, त्या दिवशी भरलेला घट तुमचा असेल, आणि ते दान खरोखरच अक्षय्य असेल.