वरातीतलं वाद्य, मैफलीतलं वाद्य

जालना एमआयडीसीत सळ्या तयार होतात. इथल्या वाचकापुढे गोव्याचे सॅक्सोफोनवादक ब्राझ गोन्साल्विस यांचा जॅझ कशाला, हा प्रश्न रास्त आहे. पण वरातीत बँडवाल्याच्या ओठाला लागलेलं क्लॅरिनेट आपण कधी परकं मानलं नाही. बेल्जियमच्या अडॉल्फ साक्स यांनी १८४६ साली पेटंट घेतलेला सॅक्सोफोन त्याचाच भाऊबंद: अंग पितळेचं, पण सूर उमटतो तो बोरूच्या पातळ, ओलसर पट्टीतून. एक रस्त्यावर रुळलं, दुसरं हॉटेलांच्या दिव्यांखाली राहिलं, एवढंच.

ब्राझ यांनी, पियानोवादक लुई बँक्स यांच्या साथीनं, हे वाद्य रागांकडे वळवलं. मुंबईत १९७८ला सुरू झालेल्या ‘जॅझ यात्रा’ महोत्सवाचा तो काळ. आक्षेप येतो तो असा, की चाव्यांच्या वाद्यावर मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणं, कुठली? पेटीला ती जमत नाही, खरं. सॅक्सोफोनवादक मात्र ओठांची पकड किंचित सैल करतो आणि स्वर खाली ओघळतो. कद्री गोपालनाथ यांनी तर कर्नाटक संगीताच्या अख्ख्या मैफली याच वाद्यावर उभ्या केल्या. या सगळ्याला ‘फ्यूजन’ म्हणून मोकळं होणं (शब्द सोयीचा आहे, आळशीही) म्हणजे ओठांची ती मेहनत न ऐकणं.