क्लच प्लेट की नुसतं तेल?

लष्कराचे शक्तिमान ट्रक ज्या जबलपूरच्या व्हेईकल फॅक्टरीत तयार होत, त्या शहरातही घरच्या गाडीचं कोटेशन हाती पडलं की गृहस्थ गोंधळतोच. पेडल खाली जाऊन तिथंच राहतं, गिअर टाकताना करकर होते आणि मेकॅनिक सांगतो, ‘क्लच प्लेट गेली.’

होकार देण्याआधी थोडं थांबा. प्लेट झिजली की चढावर इंजिन ओरडतं, पण गाडी वेग घेत नाही. खाली जाणारं पेडल मात्र बहुधा तेलगळती सुचवतं. हायड्रॉलिक क्लचमध्ये पेडलचा दाब मास्टर सिलिंडरमधून तेलावाटे स्लेव्ह सिलिंडरकडे जातो; आतलं रबर झिजलं की तेल पाझरतं. डबीतली पातळी पाहा, पेडलमागे ओल आहे का तेही चाचपा. (मारुती ८०० सारख्या केबलच्या क्लचला हे लागू नाही.)

प्लेटसाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो, मजुरी वाढते ती तिथंच. सिलिंडर बहुतेक गाड्यांत बाहेरूनच निघतात. काही नव्या गाड्यांत स्लेव्ह आत असतो. म्हणून सुटे भाग आणि मजुरी वेगवेगळी लिहून घ्या, जुने भाग परत मागा. हवा नीट काढली की नाही, हे स्वतः पेडल दाबून पाहा, मगच पैसे द्या.