पेशी तीच, घर वेगळे

मेंदूतच सुरू झालेल्या लिम्फोमाचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर दहापैकी नऊ वेळा तो डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा निघतो. मानेच्या गाठीत सापडतो तोच. रक्तवाहिन्यांभोवती कडे करून बसलेल्या पेशी तेवढ्या वेगळ्या दिसतात. वागणूक मात्र निराळी. ताप, रात्रीचा घाम, वजन घटणे सहसा नसते. घरच्यांना आधी जाणवतो तो बदललेला स्वभाव किंवा विसराळूपणा. आजार मेंदू, डोळा आणि पाठीच्या पाण्यात फिरत राहतो, बाकीच्या शरीरात क्वचितच उतरतो.

जठरातला माल्ट लिम्फोमा अगदी दुसऱ्या टोकाचा. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू प्रतिजैविकांनी घालवला की बहुतेकांत गाठही विरते. एकाच अवयवापुरते असतील, तर ॲन आर्बर पद्धतीत दोन्ही आजार पहिल्याच टप्प्यात बसतात. मेंदूच्या बाबतीत ती मोजपट्टी कामाची नाही.

मेंदूतल्या लिम्फोमाचा खरा सख्खा म्हणजे वृषणातला. एमवायडी८८ आणि सीडी७९बी या जनुकांतले बदल दोन्हींत वारंवार सापडतात. दोन्ही अवयव प्रतिकारशक्तीच्या पहाऱ्यापासून काहीसे आडोशाला आहेत. २०२२च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात त्यांना एका गटात घेतले गेले. म्हणूनच मेंदूच्या रुग्णाचे वृषण तपासायचे. डोळ्यांची स्लिट लॅम्प तपासणीही त्याच यादीत.

इतर अवयवांत चालणारा आर-चॉप हा औषधांचा संच इथे तोकडा पडतो, कारण त्यातली मुख्य औषधे रक्त आणि मेंदू यांच्यातला अडथळा पुरेशी ओलांडत नाहीत. उपचाराचा कणा मेथोट्रेक्सेटचा: दर चौरस मीटरला ३ ग्रॅम किंवा अधिक, सोबत भरपूर सलाइन, लघवी अल्कधर्मी ठेवणे आणि ल्युकोव्होरिन. साठीपुढच्या रुग्णात संपूर्ण मेंदूला किरणोपचार दिल्यास स्मृती आणि चाल दोन्ही ढासळण्याचा धोका मोठा.

सर्वांत महागात पडते ते बायॉप्सीआधी दिलेले डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड. आपल्याकडे एमआरआयवर गाठ दिसली की ट्युबरक्युलोमाची शंका आधी येते, आणि टीबीच्या गोळ्यांसोबत स्टेरॉइड सुरू होते. लिम्फोमाच्या पेशी विरघळतात, रुग्ण चालू-बोलू लागतो, निदान बरोबर ठरले असे वाटते. काही आठवड्यांनी वा महिन्यांनी गाठ परतते. मधल्या काळात घेतलेल्या तुकड्यात अनेकदा मॅक्रोफेज आणि ग्लायोसिसच उरतो. मेंदूवरच्या दाबामुळे जीव धोक्यात नसेल, तर बायॉप्सी होईपर्यंत स्टेरॉइड देऊ नये. दिलेच असेल, तर बायॉप्सीच्या फॉर्मवर मात्रा आणि तारखा लिहाव्यात, आणि अनिर्णायक अहवाल ‘लिम्फोमा नाही’ असा वाचू नये.