विमानाला मोटर कोणती लावायची? आधी वजन करा!

सुट्टी लागली की अनेक घरांत एक मागणी हमखास येते, रिमोटवर उडणारं विमान हवं! मग व्हिडिओ बघून फोमबोर्ड कापला जातो, पंख चिकटवले जातात, रंगकामही होतं. इथपर्यंत सगळं मजेत चालतं. गाडी अडते ती मोटरपाशी. ऑनलाइन दुकानात डझनभर मोटर दिसतात, प्रत्येकीवर वेगळे आकडे, आणि बहुतेक जण शेवटी ‘सगळ्यात पॉवरफुल’ म्हणून लिहिलेली मोटर मागवतात. पुढे एक तर विमानाचं नाक जड होतं, नाहीतर काहीतरी जळल्याचा वास येतो. साठवलेला पॉकेटमनी जातो आणि विमान कपाटावर.

हे टाळणं अवघड नाही. थोडा गुणाकार आणि थोडा भागाकार, एवढंच गणित लागतं. फक्त सुरुवात मोटरपासून करायची नाही, विमानाच्या वजनापासून करायची.

मोटर एकटी कधीच काम करत नाही

मोटर, तिच्यावरचा पंखा म्हणजे प्रोपेलर, बॅटरी आणि ईएससी अशा चार गोष्टींचा हा संच आहे. ईएससी म्हणजे बॅटरीतून मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणारं छोटं सर्किट. यातली एक गोष्ट बदलली की बाकी तिघींवरचा भार बदलतो. त्यामुळे मित्राच्या विमानात छान चालणारी मोटर तुमच्या विमानात चालेलच असं नाही.

आज या छंदात मुख्यतः ब्रशलेस मोटर वापरतात. तिच्यात घासून झिजणारे ब्रश नसतात. त्यातही नवशिक्यांसाठी ‘आउटरनर’ प्रकार सोयीचा. या मोटरचं बाहेरचं, चुंबकं बसवलेलं कवच फिरतं. ती तुलनेनं हळू पण जोरात फिरते, त्यामुळे मोठा प्रोपेलर थेट तिच्यावर बसवता येतो, मध्ये गिअर लागत नाहीत.

मोटरवरचे आकडे काय सांगतात?

समजा मोटरवर ‘२२१२, १००० केव्ही’ असं लिहिलंय. बऱ्याच कंपन्यांच्या पद्धतीत २२ म्हणजे आतल्या तारा गुंडाळलेल्या भागाचा व्यास मिलिमीटरमध्ये आणि १२ म्हणजे त्याची उंची. काही कंपन्या मात्र बाहेरच्या कवचाचं माप लिहितात, म्हणून वर्णन नीट वाचा.

केव्ही म्हणजे इथे किलोव्होल्ट नाही बरं का! एका व्होल्टला मोटर मिनिटाला किती फेरे घेईल, तेही प्रोपेलर न लावता, तो हा आकडा. १००० केव्हीची मोटर ११.१ व्होल्टच्या बॅटरीवर रिकामी फिरवली तर मिनिटाला साधारण ११,१०० फेरे घेईल. प्रोपेलर लावला की ते कमी होतात.

जास्त केव्ही म्हणजे जास्त ताकद, हा मोठा गैरसमज आहे. जास्त केव्हीची मोटर वेगात फिरते, पण तिला छोटा प्रोपेलर लावावा लागतो. सावकाश उडणाऱ्या शिकाऊ विमानाला कमी केव्ही आणि मोठा प्रोपेलर जास्त मानवतो.

चला, हिशेब करू या

मॉडेल उडवणाऱ्यांमध्ये एक सोपा अंदाज वापरतात, एक किलो वजनाला किती वॅट. शांतपणे उडणाऱ्या शिकाऊ विमानाला किलोमागे साधारण १५० ते २०० वॅट पुरतात. कसरती करायच्या असतील तर २५० ते ३०० वॅट धरतात.

समजा तुमचं विमान बॅटरीसकट ७०० ग्रॅमचं आहे. किलोमागे १८० वॅट धरले तर ०.७ गुणिले १८०, म्हणजे १२६ वॅट. बॅटरी तीन सेलची, म्हणजे ११.१ व्होल्टची. १२६ भागिले ११.१ केलं की साधारण ११.४ अँपिअर येतात. आता खरेदीची यादी आपोआप तयार होते. मोटर किमान १५ अँपिअर सहन करणारी आणि ईएससी २० अँपिअरचा घ्या. हा जास्तीचा भाग वाया जात नाही, त्यामुळेच दोन्ही थंड राहतात.

२२०० एमएएच बॅटरी घेतली आणि तिचा ८० टक्केच वापर केला, तर पूर्ण जोरावर सुमारे ९ मिनिटं मिळतील. एरवी आपण सतत पूर्ण जोर लावत नाही, म्हणून वेळ वाढतो. तरी पहिल्या उड्डाणाला मोबाइलवर ६ मिनिटांचा टायमर लावा आणि तो वाजला की उतरवा.

एक इंचानं काय होतं?

प्रोपेलरवर ‘९ बाय ६’ असे दोन आकडे असतात. पहिला व्यास, इंचांत. दुसरा पिच, म्हणजे स्क्रूसारखा एका फेऱ्यात तो किती इंच पुढे सरकेल ते.

मोटर जळण्याचं कारण बऱ्याचदा इथेच असतं. ९ ऐवजी १० इंची प्रोपेलर लावला, तर पिच आणि फेरे तेवढेच ठेवायला साधारण दीडपट ताकद लागते. एका इंचाला दीडपट! मोटर ती ताकद बॅटरीतून ओढून घ्यायचा प्रयत्न करते, गरम होते, आतल्या तारांवरचं आवरण जळतं आणि चुंबकांचा जोरही कमी होतो. म्हणून मोटरसोबत दिलेल्या तक्त्यातलाच प्रोपेलर लावा. दोन मापं दिली असतील तर लहानापासून सुरू करा.

खात्री करायला वॉटमीटर नावाचं छोटं यंत्र मिळतं. ते बॅटरी आणि ईएससीच्या मध्ये जोडायचं. पूर्ण चार्ज बॅटरीवर काही सेकंदच पूर्ण जोर लावा आणि अँपिअर वाचा. आकडा मोटरच्या मर्यादेच्या वर गेला तर प्रोपेलर लहान करा. वॉटमीटर नसेल तर विमान उतरल्यावर, बॅटरी काढून, मोटरला बोट लावून बघा. बोट दोन-तीन सेकंदही ठेववत नसेल तर भार जास्त आहे.

बोटं सांभाळा

लहान दिसणारा प्रोपेलर बोटाला खोल जखम करू शकतो. घरात मुलं असतील तर हे नियम भिंतीवर चिकटवा.

• टेबलावर जोडणी किंवा रिमोटचं सेटिंग करताना प्रोपेलर काढून ठेवा. मोटर उलटी फिरत असेल तर तिच्या तीनपैकी कोणत्याही दोन तारांची अदलाबदल करा. बॅटरीच्या लाल-काळ्या तारा मात्र कधीही उलट जोडू नका, ईएससी तिथेच संपतो.

• आधी रिमोट सुरू, थ्रॉटल पूर्ण खाली, मग विमानाची बॅटरी. बंद करताना आधी विमानाची बॅटरी, मग रिमोट.

• वॉटमीटरची चाचणी करताना एकानं विमान मागून घट्ट धरावं. प्रोपेलरच्या समोर आणि बाजूला कुणीही उभं राहू नये.

• प्रोपेलरला चीर गेली किंवा कडेचा टवका उडाला तर तो फेकून द्या. गोंदानं चिकटवून वापरू नका.

• प्रोपेलर काढलेला असताना एकदा रिमोट बंद करून बघा. मोटर लगेच थांबली पाहिजे. थांबत नसेल तर फेलसेफचं सेटिंग करूनच मैदानावर जा.

बॅटरीचे लाड करा

या विमानांत लिथियम पॉलिमर, म्हणजे लिपो बॅटरी असते. हलकी आणि जोरदार, पण चुकीला माफी न देणारी. तिच्यासाठीचा बॅलन्स चार्जरच वापरा. २२०० एमएएच बॅटरीला २.२ अँपिअरनं चार्ज करणं सुरक्षित. चार्जिंगला लावून झोपू नका, बाहेर जाऊ नका, आणि गादी-सोफ्यावर तर ठेवूच नका. फरशीवर, जवळ पडदे किंवा कागद नसतील अशा जागी ठेवा. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरू नका.

नागपूर असो की जयपूर, मे महिन्यात बंद कारमध्ये किंवा स्कूटरच्या डिकीत लिपो ठेवणं धोक्याचं. काही दिवस उडवणार नसाल तर प्रत्येक सेल ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवून बॅटरी बाजूला ठेवा.

उडताना मोटर अचानक अडखळू लागली तर घाबरू नका. बॅटरी उतरली की ईएससी मोटरची वीज तोडतो, म्हणजे उरलेली वीज विमान वळवणाऱ्या छोट्या सर्वो मोटरना मिळते. पुन्हा जोर लावत बसण्यापेक्षा विमान तरंगत खाली आणा.

उडवायचं कुठे?

गच्चीवर नको, सोसायटीच्या पार्किंगमध्येही नको. मोकळं मैदान हवं, आसपास विजेच्या तारा आणि गर्दी नसावी, आणि विमान सतत डोळ्यांसमोर राहिलं पाहिजे. आपल्याकडे २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार हवाई क्षेत्राचे हिरवा, पिवळा आणि लाल असे विभाग आहेत. डिजिटल स्काय या सरकारी प्लॅटफॉर्मवरच्या नकाशात आपली जागा कोणत्या रंगात येते ते आधी बघा. विमानतळाजवळ राहत असाल तर हे विसरूच नका. नियम बदलत असतात, म्हणून प्रत्येक नव्या जागी पुन्हा तपासा.

तुमचा मुलगा किंवा मुलगी एनसीसीच्या एअर विंगमध्ये असेल तर तिथे जरूर विचारा, एरोमॉडेलिंग हा तिथल्या प्रशिक्षणाचा भाग आहे. पहिलं उड्डाण शक्यतो अनुभवी माणसाच्या हातून होऊ द्या.

आणि हो, खरेदीचं बटण दाबण्याआधी स्वयंपाकघरातला वजनकाटा मागून आणा. मोटर आणि बॅटरी अजून आली नसेल तर वर्णनातलं त्यांचं वजन त्यात मिळवा. वजन, वॅट, अँपिअर, प्रोपेलर हे चार आकडे मुलांनाच वहीत लिहू द्या. शाळेतला भागाकार इथे कामाला येतो, आणि उत्तर बरोबर आलं की विमान खरंच उडतं!